हे टेबल कोणाकडे आहे?

हॉटेलातल्या वेटरला सगळं दिसतं. पलीकडच्या पोराने पाडलेला काटा दिसतो, दारातून आत शिरलेले मालकाचे मेव्हणे दिसतात, कोपऱ्यातल्या टेबलाने बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली शंभराची नोट तर फोल्डर मिटलेलं असतानाही दिसते. दिसत नाही तो फक्त हात वर करून बसलेला माणूस. वेटरची नजर अशा माणसाच्या टाळूवरून वीतभर अंतर राखून जाते. चुकून नजरानजर झालीच, तर पाणी, कांदा, चमचा, बिल यांपैकी काहीतरी अंगावर येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो चालताना भिंतीवरचं घड्याळ पाहतो, हातात काही नसलं तरी लगबगीने जातो आणि आपण 'अहो' म्हणेपर्यंत भटारखान्याच्या झुलत्या दारामागे गडप होतो. दार दोनदा हलतं आणि थांबतं.

त्याला हाक काय मारायची, हा आपला जुनाच घोळ आहे. 'अहो' एसीच्या घरघरीत विरून जातं. 'शुक शुक' केलं की घरचे टेबलाखालून पाय दाबतात. 'बॉस' चाळिशीनंतर शोभत नाही. 'एक्स्क्यूज मी' म्हणायला धीर गोळा करावा लागतो आणि तो गोळा होईपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो. शेवटचा उपाय म्हणजे खुर्चीतून अर्धवट उठणं. तो मात्र जपून करावा. रविवारी रात्री आपण अर्धवट उठलो तर वेटर येत नाही. बाहेर ताटकळलेलं एखादं कुटुंब मात्र आपण निघालो असं समजून खुर्चीमागे येऊन उभं राहतं.

अर्थात हे सगळं आत गेल्यावरचं. आधी आत जायला मिळालं पाहिजे. रविवारी साडेआठला पुण्यातल्या कुठल्याही 'फॅमिली' हॉटेलाबाहेर फुटपाथवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात आणि दाराशी वही घेतलेला एक तरुण उभा असतो.

"किती जण?"

"सात. म्हणजे सहा आणि एक लहान."

"पंधरा मिनिटं."

यादीत पुढे चार नावं असोत की चोवीस, उत्तर पंधरा मिनिटंच. चाळीस म्हटलं तर माणसं शेजारच्या हॉटेलात जातील, पाच म्हटलं तर पाचव्या मिनिटाला भांडायला येतील. पंधरा मिनिटं एवढी सोयीची असतात की माणूस चिडतही नाही आणि हलतही नाही. ती संपली की पुढचं उत्तर तयार असतं: "बिल दिलंय, बडीशेप चालू आहे." कोथरूडला तर वेगळीच पंचाईत. त्याने दारातून "कुलकर्णी!" असा पुकारा केला की तीन कुटुंबं एकदम उठतात, आणि मग फुटपाथवर गोत्राऐवजी डोकी मोजून निवाडा करावा लागतो. "सात कुलकर्णी कोण?" "आम्ही पाच कुलकर्णी." "मग बसा."

वहीतलं आपलं नाव उलट्या बाजूने वाचण्यात एव्हाना सगळे तरबेज झालेले असतात. आपल्या मागून आलेल्या माणसाने त्या तरुणाशी हसून दोन शब्द बोललेले आणि तो सरळ आत गेलेला सगळ्यांनी पाहिलेलं असतं. फुटपाथवर संताप पसरतो. "हे बरोबर नाही," असं प्रत्येक जण आपापल्या बायकोला सांगतो. वहीवाल्याला कोणी सांगत नाही. या माणसाला दुखावलं तर बडीशेप आणखी लांबेल, अशी सगळ्यांनाच भीती असते.

मुंबईच्या उडप्याकडे ही भानगड नसते. तिथे वही नाही, खुर्च्या नाहीत. जेवणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं आणि त्याच्या कॉफीचा शेवटचा घोट नजरेने खाली उतरवायचा. तो उठला की खुर्ची गरम असतानाच बसायचं. समोर अनोळखी माणूस सांबार भुरकत असतो. त्याची वाटी आणि आपली वाटी यांत चार बोटांचं अंतर. वेटर हसत नाही, नमस्कार करत नाही, नाव सांगत नाही. ओल्या फडक्याने टेबल पुसताना आपली कोपरंही पुसून जातो आणि "बोलो" म्हणतो. आपण बोलतो. कागद नाही, पेन नाही. चार टेबलांवरच्या चौदा जिनसा डोक्यात घेऊन तो जातो आणि पाच मिनिटांत डोसा समोर आपटतो. डोसा जरा आपटला जातो, पण गरम असतो. माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेल्या बोर्डिंगात आजही लोक केळीच्या पानावर जेवायला तिष्ठतात. तिथे आपल्याशी कोणी गोड बोलावं या अपेक्षेने कोणी जात नसावं.

जुन्या इराण्याकडे तर गोड बोलण्याचा प्रश्नच नव्हता. काय करू नये याची यादी भिंतीवरच लावलेली असे: मोठ्याने बोलू नये, जास्त वेळ बसू नये, केस विंचरू नयेत. निस्सिम इझिकेल यांनी धोबीतलावच्या इराण्याच्या अशाच पाट्यांवरून इंग्रजी कविता केली. आपल्याकडचे जुने वेटर गिऱ्हाईक उठलं की तिथूनच गल्ल्याकडे ओरडत, "टोपीवाले, बारा आणे!" सगळ्या हॉटेलाला कळे की टोपीवाल्याने काय खाल्लं आणि तो किती देणं लागतो. खाजगीपणाचा खून व्हायचा, पण हिशेब चोख राहायचा. मुख्य म्हणजे ऑर्डर घेणारा तोच, आणणारा तोच आणि ओरडणारा तोच. चहात माशी निघाली तर कोणावर डोळे वटारायचे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे. उलट तो कोणावर वटारणार, हेही ठाऊक असे.

आता हॉटेलं सुधारली आहेत. म्हणजे काम वाटून दिलं आहे. दारात वहीवाला. आत काळ्या जाकिटातला कॅप्टन. तो ऑर्डर घेतो, पण ताट उचलत नाही. पांढऱ्या शर्टातला वेटर ताट आणतो, पण ऑर्डर ऐकत नाही. राखाडी टी-शर्टातला पोऱ्या पाणी ओततो आणि खरकटं उचलतो, पण खाण्याच्या पदार्थाला हात लावत नाही. मॅनेजर हात मागे बांधून फिरतो आणि फिरण्याखेरीज काही करत नाही. गल्ल्यावर मालक सीसीटीव्हीत त्या सगळ्यांना पाहतो. शिवाय हॉलचे भाग पाडलेले: खिडकीकडची सहा टेबलं एकाकडे, मधली सहा दुसऱ्याकडे. खांबाजवळचं, वॉशबेसिनच्या तोंडाशी असलेलं एक टेबल कोणाच्याच हद्दीत येत नाही. आपल्याला ते मिळतं.

या व्यवस्थेत एक चमचा मागून बघा. आमच्या काकांनी मागितला होता. सूप आलं, चमचा आला नाही. काकांनी पोऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बोलता हूँ," आणि त्याने ते वेटरला सांगितलं. वेटर जाता जाता म्हणाला, "मँगवाया है, सर." कोणाकडून मागवलाय, कुठल्या गावाहून येतोय, हे कळलं नाही. मग कॅप्टन आला, कमरेत वाकला आणि त्याने इंग्रजीत विचारलं, काही अडचण आहे का? काका म्हणाले, "चमचा." कॅप्टनचा चेहरा गंभीर झाला. त्याने वळून चुटकी वाजवली आणि पहिल्या पोऱ्यालाच बोलावून चमचा आणायला सांगितला. पोऱ्या म्हणाला, "बोला है." चमचा आला तेव्हा काकांनी वाटी तोंडाला लावून सूप संपवलं होतं. त्यांनी तो रुमालाने पुसला आणि गुलाबजामसाठी राखून ठेवला. यात चूक कोणाचीच नव्हती. प्रत्येकाने आपलं काम केलं, फक्त चमचा आणणं हे त्यांपैकी कोणाचं काम नव्हतं.

एक गोष्ट मात्र कधी रेंगाळत नाही: पाण्याची बाटली. "साधं की बिस्लेरी?" हा प्रश्न आणि झाकणाचा 'टक्' हा आवाज यांत उत्तर बसवायला फटच नसते. आपण "सा..." म्हणेपर्यंत सील तुटलेलं असतं. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे का, असं विचारायला जाऊ नये. हॉटेलवाले बाटलीबंद पाण्याला छापील किमतीहून जास्त घेऊ शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच दिला आहे. माणूस हॉटेलात नुसतं पाणी विकत घ्यायला येत नाही, तर तिथल्या बैठकीचा आणि सेवेचा लाभ घेतो, असं त्यामागचं म्हणणं. म्हणजे वॉशबेसिनशेजारी बसून चमच्याची वाट पाहण्याचे पैसे त्या बाटलीत धरलेले असतात.

मग येतं मेनूकार्ड. चौदा पानांचं, प्लास्टिकच्या पाकिटातलं, कडेला रस्सा लागलेलं. किमतींवर स्टिकर चिकटवलेले असतात आणि आमच्या आत्याला नखाने स्टिकर खरवडून खालचा जुना दर वाचायची सवय आहे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हॉटेलच्या जेवणावरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला. त्याआधी एसी हॉटेलांत अठरा आणि साध्या हॉटेलांत बारा टक्के होता. आत्या त्या दिवशी आनंदाने जेवायला गेली आणि त्याच आठवड्यात चिकटलेले नवे स्टिकर खरवडून घरी आली. हॉटेलवाल्यांना आधी मिळणारी करातली वजावट सरकारने त्याच वेळी काढून घेतली होती. ती त्यांनी कुठून काढली, हे आत्याच्या नखाला कळलं.

चौदा पानांतून व्हेज कोल्हापुरी, व्हेज मराठा, व्हेज तुफानी आणि व्हेज दिवाणी हंडी यांत फरक काय, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. "ये थोडा स्पायसी, ये थोडा स्वीट, ये मीडियम." कॅप्टन खोटं बोलत नाही. आत तीन-चार मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार असतात: एक कांदा-टोमॅटोची तांबडी, एक काजूची पांढरी, एक लोण्याची केशरी. बाकी सगळं त्यांच्यातल्या सोयरिकीतून होतं. तरी आपण चर्चा करतो. सहा माणसं, पंधरा मिनिटं, कॅप्टन पेन टेकवून उभा. "पनीर नको, मागच्या वेळी पनीरच होतं." "मुलांना चायनीज." "सूप वन बाय टू करा. नाही, तीनाचे सहा करा." सुरुवातीला त्याच्या चेहऱ्यावर असलेलं हसू या पंधरा मिनिटांत कसं ओसरतं, ते बघण्यासारखं असतं. शेवटी आपण दरवेळी मागवतो तेच मागवतो.

काकांची हिंदी हा या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्याकडच्या हॉटेलांत ओडिशा, बंगाल, उत्तराखंड, नेपाळ इथून आलेली मुलं बरीच. त्यांच्याशी हिंदीतच बोललं पाहिजे, असा काकांचा दंडक आहे. "देखो, हमको जास्त तिखट नको. मतलब तिखट चलता है, लेकिन नंतर पोट में जळजळ नहीं होना. और वो लिंबू अलग से देना, पिळा हुआ नहीं." मुलगा शांतपणे म्हणतो, "काका, तिखट कमी सांगतो. ताक आणू का सोबत? मठ्ठा आहे आज." आठ वर्षांत तो मराठी शिकला, अगदी आमच्याच पेठेतली. काका मात्र हटत नाहीत: "हाँ, मठ्ठा चलेगा. कोथिंबीर डालके." तो मराठीत विचारत राहतो, काका हिंदीत उत्तरं देत राहतात, आणि केओटीवर, म्हणजे आत जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, इंग्रजीत 'मीडियम' लिहिलं जातं. 'मीडियम' म्हणजे काय, हे आत ग्रेव्हीच्या पातेल्याशी उभा असलेला माणूस त्या दिवशीच्या गर्दीप्रमाणे ठरवतो.

जेवण येण्याचा क्रम तर ब्रह्मदेवालाही सांगता यायचा नाही. मुलांच्या नूडल्स आधी येतात, त्यांचं होतं, ती हॉलमध्ये पळापळ करू लागतात. मग भाजी येते, रोटी येत नाही. भाजी निवते, वरच्या तेलाचा थर घट्ट होऊन त्यावर साय धरते. "रोटी?" "आ रहा है, सर." सहा माणसांत दोन रोट्या येतात. त्या मोठ्यांपुढे सरकवल्या जातात, मोठे परत लहानांपुढे सरकवतात, आणि या सौजन्यात त्या कडक होतात. रोटी येते तेव्हा भाजी संपलेली असते. आणखी भाजी सांगावी, तर ती येईपर्यंत रोटी संपते. आमच्या एका स्नेह्यांचं म्हणणं असं की भाजी आणि रोटी एकाच वेळी संपवून हॉटेलातून उठलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. कारण साधं आहे: तंदूर एक, त्यावर माणूस एक आणि हॉलभर टेबलं वीस. भट्टीतून निघालेली रोटी ज्या टेबलाचा आवाज मोठा, तिकडे जाते. आपण मात्र 'जरा बघता का' एवढं म्हणून गप्प बसतो.

याच्या अगदी उलट कारभार म्हणजे अमर्यादित थाळी. तिथे सेवेचा दुष्काळ नसतो, महापूर असतो. बसता क्षणी चार दिशांनी चार माणसं येतात. ढोकळा, कचोरी, जिलबी, शिरा पहिल्या दीड मिनिटात पानात पडतात. उभा कॅप्टन तोंडाने बोलत नाही. दोन बोटं, आडवा तळहात, अंगठा अशा खुणा करतो आणि दूरवरून डाळवाला धावत येतो. नको म्हणून हात पानावर धरला, तर बोटांच्या फटीतून भात येतो. मात्र पोट डाळ-गोडावर भरलं, आणि आता खरी आवडलेली ती वांग्याची भाजी एकदा घ्यावी असं वाटलं, की वांगीवाला तेवढा पुन्हा दिसत नाही. जिलबीवाला दर दोन मिनिटांनी फेरी मारतो. थाळीचा दर एवढा कमी कसा परवडतो, हे त्या जिलबीत दडलेलं आहे.

हे सगळं सोसून आपण बिल मागतो, आणि इथे सेवेची गती पुन्हा मंदावते. जेवताना दर पाच मिनिटांनी 'कुछ और, सर?' विचारणारा मनुष्य आता हॉलमध्ये नसतोच. हवेत लिहिल्याची खूण करून करून बोटं दुखतात. शेवटी बिल येतं, सोबत बडीशेप आणि खडीसाखर. त्यावर अडीच टक्के केंद्राचा जीएसटी, अडीच टक्के राज्याचा, आणि मध्येच 'सर्व्हिस चार्ज १० टक्के'. म्हणजे ज्या गोष्टीचा दोन तास शोध चालला होता, ती सापडली. बिलावर होती.

हा आकार आपोआप बिलात घालता येत नाही, तो देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या, आणि वर प्रत्येकी एक लाख रुपये जमा करायला सांगितले. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. इतकं सगळं आपल्या बाजूने असताना टेबलावर काय होतं? सगळे बिल फिरवून पाहतात. भाचा मोबाइलवर निकाल काढून दाखवतो. काका दबक्या आवाजात म्हणतात, "जाऊ दे. बरं दिसत नाही. पाहुणे आहेत बरोबर." पाहुणे तर म्हणत असतात, "काढायला सांगा की." मग कोणी सांगायचं यावर चर्चा होते आणि ती चालू असतानाच काका कार्ड पुढे करतात. ज्या मुलाने मठ्ठा आणला, त्याच्या खिशात त्या दहा टक्क्यांतलं किती जाईल, हे विचारायची सोय बिलावर नसते.

रोख दिले, तर सुटे परत आणण्याची एक स्वतंत्र विद्या असते. सत्तर रुपये परत यायचे असतील, तर पन्नासाची एक आणि दहाच्या दोन अशा नोटा येतात, म्हणजे वीस ठेवले तर आपण कंजूष ठरतो आणि पन्नास ठेवले तर मूर्ख. एवढ्या बारकाईने विचार करणाऱ्या माणसाला चमचा का सुचत नाही, असा प्रश्न पडतो. पण चमचा कोणाचं काम आहे हे ठरलेलं नसतं. सुट्यांचं ठरलेलं असतं.

आणि मग तो प्रश्न येतो. मॅनेजर हात मागे बांधून टेबलाशी थांबतो, चेहऱ्यावर काळजी आणतो आणि विचारतो, "कसं होतं जेवण, सर?"

गेला दीड तास या टेबलावर दुसरा विषय नव्हता. डाळीत मीठ नाही, नान वातड, सूपमध्ये कॉर्नफ्लोअरच जास्त, खुर्ची डुगडुगते, वॉशबेसिनचं पाणी अंगावर उडतं. प्रत्येकाने प्रत्येकाला ते दोनदा सांगितलेलं असतं. पण ज्याने विचारलं, त्याला सहा मुंड्या एकदम हलवून एकमुखाने उत्तर जातं: "छान! छान होतं!" मॅनेजर समाधानाने पुढच्या टेबलाकडे जातो. तिथूनही 'छान' ऐकू येतं. रात्री दुकान बंद करताना त्याने वीस टेबलांचे वीस 'छान' गोळा केलेले असतात. आता सांगा, त्याने सुधारावं तरी काय? खरी तक्रार आपण गाडी काढताना करतो, रिक्षावाल्याशी करतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना करतो, आणि तिसऱ्या दिवशी कोणी विचारलं की तेच हॉटेल सुचवतो, कारण बाहेर फुटपाथवर गर्दी असते म्हणजे जेवण चांगलंच असणार. त्या गर्दीत मागच्या रविवारी आपणच उभे होतो, हे लक्षात राहत नाही.

आत्या मात्र वेगळ्या मातीची. परवा तिसऱ्यांदा "रोटी?" विचारून "आ रहा है" ऐकल्यावर तिने हात वर केला नाही, चुटकी वाजवली नाही. शाळेत तीस वर्षं घातलेला आवाज काढून हॉलच्या मध्यभागी एकच प्रश्न टाकला: "हे टेबल कोणाकडे आहे?"

काटे-चमचे थांबले. पोऱ्याने वेटरकडे पाहिलं, वेटरने कॅप्टनकडे, कॅप्टनने मॅनेजरकडे, आणि मॅनेजरने सवयीने मागे पाहिलं, तर मागे भिंत होती. गल्ल्यावरून मालकच उठले. दोन मिनिटांत सहा रोट्या आल्या, वाफ निघत असलेल्या, मालकांच्या स्वतःच्या हातातून. सर्व्हिस चार्ज बिलातून न सांगता गेला. निघताना मॅनेजर दारापर्यंत आला आणि त्याने विचारलं, "मॅडम, जेवण कसं होतं?"

काकांनी डोळे मिटून घेतले. आत्या म्हणाली, "डाळ अळणी होती. रोट्या उशिरा आल्या. आणि तुमचा तो मठ्ठेवाला मुलगा सकाळी अकरापासून उभा आहे, विचारलं मी त्याला. रात्रीचं जेवण त्याला बारा वाजता मिळतं. त्याला आधी खायला घाला, मग तो आम्हाला वाढेल."

मॅनेजरने वहीत काहीतरी टिपून घेतल्यासारखं केलं, मान डोलावली आणि क्यूआर कोडचं कार्ड पुढे केलं. "थँक यू, मॅडम. तेवढे गूगलवर पाच स्टार द्या ना. सर्व्हिसमध्ये माझं नाव लिहा."

आत्याने पर्समधून चष्मा काढला, कोड स्कॅन केला आणि चार दिले. माझं नाव का नाही लिहिलं, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही, त्याने फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, एक स्टार कमी?"

"रोटीचा कापला," आत्या म्हणाली. "आणि नाव त्या मठ्ठेवाल्याचं लिहिलंय."